त्या बाजूचा गोल

"यात मी कुठाय रे?"

बाजीदा माझ्या खुर्चीमागं उभा होता. उद्यमनगरातून, कामावरून सुटून तसाच आला होता. हाताला अजून लेथचं तेल होतं, म्हणून कशाला न शिवता दोन्ही हात मागं बांधून तो पडद्याकडं बघत होता. मे महिन्यातली दुपार, साडेचारचा सुमार. संगणकाचा डबा मी उघडा टाकून ठेवला होता आणि त्याच्यावर आईचा टेबलफॅन लावला होता. डबा तापला की अख्खा हंगाम मध्येच बंद पडायचा.

"हा बघ," मी म्हणालो. "बाजीराव इंगवले. बचावपटू. वय चौतीस."

"वय बरोबर हाय. पुढं?"

पुढं काय ते सांगण्याआधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला हे सगळं खुळ्यांचं काम वाटेल. तसं ते होतंच. आमच्याकडं प्रत्येक पेठेला एक तालीम. पूर्वी तिथं कुस्ती चालायची, नंतर त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ काढले. आमची तोफखाना तालीम आणि शेजारची चुनाभट्टी तालीम यांच्यात सामना असला की त्या दिवशी दोन्ही पेठांत दुपारनंतर दूधवालासुद्धा सापडायचा नाही.

मी तेव्हा डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि माझ्याकडं एक खेळ होता. त्यात तुम्ही स्वतः खेळायचं नसतं. तुम्ही संघाचे व्यवस्थापक. खेळाडू निवडायचे, डाव आखायचा, आणि सामना संगणक खेळणार. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढं वीसपैकी आकडे असतात: वेग किती, हेडर कसा, टॅकल कशी. त्या आकड्यांवर सगळं चालतं. त्या खेळात सगळं युरोप होतं, पण कोल्हापूर नव्हतं. मला ते सहन होईना. दोन वर्षं खपून मी आपल्या लीगचे सगळे संघ त्यात घातले, एकेक खेळाडू, एकेक आकडा. माझे दोन विषय त्यात राहिले आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

आता बाजीदाचं. आमच्या तालमीत दर हंगामाला एका खेळाडूला मानाची ढाल मिळायची आणि त्याचा फोटो तालमीच्या भिंतीवर लागायचा. आदल्या वर्षी त्यावरून एवढी भांडणं झाली की कमिटीतले दोघं सख्खे साडू एकमेकांशी बोलेनासे झाले. हंगाम संपला की माझा खेळ स्वतःच सर्वोत्तम खेळाडू जाहीर करतो, हे अध्यक्ष साळोखे तात्यांच्या कानावर गेलं. झालं. तात्या म्हणाले, "मशीनला ना पेठ, ना पाहुणा, ना मेव्हणा. यंदा तेच ठरवू दे." फायनल झाली की रविवारी कमिटी माझ्या घरी बसणार, संगणक दहा हंगाम खेळणार, आणि ज्याला जास्त वेळा बक्षीस मिळेल त्याला ढाल. मी चार दिवस छाती काढून फिरत होतो.

बाजीदाचा तो शेवटचा हंगाम होता. गुडघा संपला होता. त्याचे वडील हिंदुराव पैलवान, त्यांचा फोटो भिंतीवर होता आणि त्याच्या शेजारचा एक खिळा कितीतरी वर्षं रिकामा होता. बाजीदाला तो खिळा हवा होता. तोंडानं कधी म्हणाला नाही, पण तालमीत आला की आधी तिकडं बघायचा, मग बूट काढायचा. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं.

आणि मी हौसेनं आधीच एक रंगीत तालीम करून बघितली होती. दहापैकी आठ वेळा निहाल मुजावर, आमचा फॉरवर्ड, एकवीस वर्षांचा, पायात भिंगरी असलेला. दोनदा दुसऱ्या पेठेचे फॉरवर्ड. बाजीदा एकदाही नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे फक्त तीन मित्रांना सांगितलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत ते बाजीदाच्या कारखान्यात पोचलं होतं.

मला वाटलं होतं की बाजीदा चिडेल. तो चिडला नाही. त्यानं पायानंच स्टूल ओढलं आणि विचारलं, "का न्हाई मिळत मला? रागानं न्हाई इचारत. मला कळू दे."

मी सांगितलं. प्रत्येक सामन्यानंतर संगणक प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण देतो. गोल केला की गुण चढतात, गोलाला पास दिला तरी चढतात. वर्षभराची सरासरी काढून बक्षीस ठरतं.

"आणि मी गोल होऊ दिला न्हाई तर?"

"त्याचे थोडे मिळतात."

"थोडे," तो म्हणाला. "बरं, मला जरा चांगला कर बघू. पार चांगला."

मलाही उत्सुकता होतीच. बचावाचे त्याचे सगळे आकडे मी वीसला नेले. असा बचावपटू जगात नसतो. हंगाम चालू केला, आईनं चहा आणून दिला, चहा संपेपर्यंत हंगाम संपला. तोफखान्यावर वर्षभरात चार गोल. आम्ही लीग जिंकलो, कप जिंकलो. सर्वोत्तम खेळाडू निहाल मुजावर.

बाजीदा एवढा हसला की आई आतून बघायला आली. "काकू," तो म्हणाला, "ह्या पोरानं मला देव केला, तरी नारळ दुसऱ्यालाच."

मग आम्ही दोघंही पेटलो. निहालचा वेग कमी करून बघितला, तर तिसऱ्याच फॉरवर्डला बक्षीस. बाजीदाला फॉरवर्ड म्हणून उभा केला, तर पहिल्याच हंगामात तो पहिल्या पाचात. शेवटी मी एक रकाना उघडला जो मी सहसा कुणाला दाखवायचो नाही. खेळाडूचं नाव किती मोठं, याचा तो रकाना. दोनशेपैकी आकडा. निहाल एकशे पन्नास, बाजीदा साठ.

"हे काय?"

"प्रसिद्धी. बरोबरीचे गुण असले की ज्याचं नाव मोठं त्याच्याकडं बक्षीस झुकतं."

"आणि साठ कुणी ठरवलं?"

मी उठलो. मग कपाटातली वही काढून दाखवली. पेपरातली फुटबॉलची कात्रणं मी शाळेपासून चिकटवत आलो होतो. कुणाचं नाव किती वेळा छापून आलं ते मोजून मी तो रकाना भरला होता. मला त्या पद्धतीचा फार अभिमान होता. बाजीदाचं नाव सगळं मिळून नऊ वेळा होतं, आणि त्यातलं एकदा लाल कार्डासाठी.

आकडा मी एकशे पन्नास केला. तिसऱ्या हंगामाला पडद्यावर आलं: सर्वोत्तम खेळाडू, बाजीराव इंगवले. आम्ही दोघं थोडा वेळ बघत राहिलो. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही, पण त्यानं तेलकट बोट पडद्याजवळ नेलं आणि न लावता मागं घेतलं.

"राहू दे का असंच?" मी हळूच विचारलं. "कुणाला कळणार आहे?"

"साठ कर परत."

"अरे पण..."

"माझ्या डोळ्यादेखत कर, माणक्या. मला तू दिलेलं नकोय. मिळायचं असलं तर मिळंल."

मी साठ केले, बाकीचे आकडेही होते तसे परत लावले. तो जायला उठला आणि दारात थांबला. "ते टॅकल चौदा लिवलायस. ते कुठनं आणलास? ते तर पेपरात येत न्हाई."

"ते बघून. मी एक सामना चुकवत नाही."

"कुठं बसून?"

आमच्या तोफखान्याची रीत अशी: आमचा संघ ज्या गोलावर चढाई करणार त्या बाजूला आम्ही बसायचं. हाफटाइमला संघ बाजू बदलतात, तसं आमचं सगळं पब्लिक उठायचं आणि हलगी वाजवत दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचं. आज्ज्यांच्या काळापासून असंच. निहालच्या बुटाची लेस सुटली तरी मला दिसायची. बाजीदा मात्र कायम दुसऱ्या टोकाला, शंभर यार्डांवर. बारा वर्षं मी त्याला खेळताना बघितलं, असं मी समजत होतो.

"गुडघा गेल्यापास्नं चार वर्षं मी टॅकल केलेली न्हाई," बाजीदा म्हणाला. "जमिनीवर पडलो तर उठायला दोघं लागतील."

"मग गोल कसे थांबतात?"

तो विचारात पडला. खरोखरच पडला. "ते मला तरी कुठं सांगता येतंय. तू बघ आणि मला सांग."

शनिवारी फायनल. तोफखाना विरुद्ध चुनाभट्टी, दुसरं कोण असणार. मी एक शंभर पानी वही घेतली आणि आमच्या पोरांना "आलोच" म्हणून थेट दुसऱ्या टोकाला गेलो. आमच्या गोलाजवळ, म्हणजे चुनाभट्टीच्या पब्लिकमध्ये. त्यांचीही रीत आमच्यासारखीच. शेजारी एक म्हातारे गृहस्थ उन्हासाठी छत्री उघडून, शेंगदाण्याची पुडी घेऊन बसले होते. त्यांनी मला खालून वर बघितलं.

"अतिग्र्यांचा ना तू? तोफखान्याचा?"

"हो."

"मग हितं काय करतोयस?"

थाप मारणार होतो, पण सुचली नाही. "बाजीदाला बघायला आलोय. इंगवले."

"आत्ता व्हय?" ते म्हणाले आणि पुडी माझ्यापुढं केली. "आमी बारा वर्सं बघतोय त्याला."

त्यांचं नाव दादू चौगले. चुनाभट्टीचे जुने गोलकीपर. सामना सुरू झाला आणि पहिली दहा मिनिटं मला काहीच दिसलं नाही. बाजीदा चालत होता. पळत नव्हता, चालत होता, हात करून कुणाला तरी काहीतरी सांगत होता. चुनाभट्टीचा आठ नंबर चेंडू घेऊन मुसंडी मारून आला, मान वर केली, थांबला आणि चेंडू मागं दिला.

"बघितलास?" दादूमामा म्हणाले.

"काय?"

"ज्या पोराला पास द्यायचा हुता त्याच्या वाटंत जाऊन हुबा राहिला की हा. पास निघायच्या आधी. आता परत बघ. आता डावीकडं जाईल. बघ, गेला. आता आमचा बी मागं देणार."

आमचा म्हणजे त्यांचा. त्यानं मागं दिला.

मग मला दिसायला लागलं. एकदा दिसायला लागलं की दुसरं काही दिसेना. बाजीदा चेंडूकडं जातच नव्हता. चेंडू जिथं जायचा होता तिथं आधी जाऊन उभा राहायचा, आणि मग चेंडू तिथं यायचाच नाही. तीन पावलं इकडं, दोन तिकडं, एक हाक. चुनाभट्टीचा एकेक डाव मनातल्या मनात मोडायचा आणि सगळे शहाण्यासारखे परत फिरायचे. आईशप्पथ सांगतो, एवढा आनंद मला निहालच्या कुठल्याच गोलानं दिला नव्हता. प्रत्येक वेळी मी वहीत एक रेघ ओढत होतो. हाफटाइमपर्यंत तेवीस रेघा झाल्या. टॅकल शून्य.

हाफटाइमला आमचं पब्लिक हलगी वाजवत इकडं निघालं आणि चुनाभट्टीचं तिकडं. दोन्ही घोळके मधे एकमेकांसमोर आले, आणि मी चुनाभट्टीच्या घोळक्यात, दादूमामांची छत्री धरून. आमच्या पोरांनी बघितलं. "माणक्या, तिकडं कुठं? पार्टी बदललास काय?" कुणीतरी माझ्या अंगावर पाण्याची पिशवी फेकली. मी मान खाली घालून चालत राहिलो.

दुसऱ्या हाफमध्ये एकदम लांबून गर्जना आली. पलीकडच्या टोकाला आमची माणसं एकमेकांच्या अंगावर पडली होती. निहालनं गोल केला होता. तो गोल मी बघितला नाही. पेठेत अजूनही त्या गोलाची गोष्ट निघते, आणि मी मान डोलवतो.

एक शून्यनं आम्ही जिंकलो. रेघा एकेचाळीस. दादूमामांनी छत्री मिटली आणि उठता उठता म्हणाले, "गेला आमचा कप. याच्यापायी." त्यांनी निहालचं नावही घेतलं नाही. जाताना मी त्यांना ढालीची, संगणकाची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली आणि एवढंच म्हणाले, "मशीनला इचारण्यापरीस आमाला इचारायचं."

दुसऱ्या दिवशी पेपरात निहालचा फोटो होता. बाजीदाचं नाव नव्हतं. नऊचे दहा काही झाले नाहीत.

रविवारी कमिटी येण्याआधी मी बाजीदाचे आकडे बदलले. हे फसवणं नव्हतं, आता मी खरंच बघितलं होतं. टॅकल चौदाची पाच केली. अंदाज अकराचा वीस केला. जागा धरणं वीस. प्रसिद्धीच्या रकान्यावर मी फार वेळ थांबलो. प्रसिद्धी कुणात? आमच्यात साठ, बरोबरच होते. चुनाभट्टीत एकशे नव्वद. पण रकाना एकच होता. त्याला हात लावायचा नाही असं मी बाजीदाला कबूल केल्यासारखंच होतं, म्हणून लावला नाही.

पाचला माणसं जमली. सव्वापाचला लोडशेडिंग झालं, सातला वीज आली, तोवर तात्यांनी आईकडून दोनदा चहा घेतला. बाजीदा उंबऱ्याजवळ बसला होता, धुतलेला शर्ट घालून. मी एकेक हंगाम चालवत गेलो आणि नाव मोठ्यानं वाचत गेलो. निहाल. निहाल. निहाल. दहापैकी नऊ वेळा निहाल, आधीपेक्षा एक जास्त. माझ्या डोक्यात मग प्रकाश पडला. मी बाजीदाला चांगला केला, त्यामुळं संघ जास्त सामने जिंकला, आणि त्याचे गुण निहालला मिळाले.

तात्यांनी ढाल उचलली तेव्हा मी उभा राहिलो. "तात्या, हे बरोबर नाही. हा खेळ झालेलं मोजतो. बाजीदा होऊ देत नाही, आणि जे झालंच नाही त्याला यात रकाना नाही." मी वही दाखवली. एकेचाळीस रेघा. माणसं वहीकडं बघत होती, एक साडू दुसऱ्या साडूकडं बघत होता.

"काल चुनाभट्टीत बसला होतास तो हा उद्योग करायला?" तात्यांनी विचारलं. आवाज गरम नव्हता, पण थंडही नव्हता. "माणिक, मशीनवर सोपवायचं आपण सगळ्यांनी ठरवलं. तू पण होतास. आता निकाल आवडला नाही म्हणून मशीन वाईट, तर मग गेल्या वर्षी आपण भांडत होतो ते काय वाईट होतं?"

मी वही मिटली.

"निहालला द्या तात्या," बाजीदा उंबऱ्यावरून म्हणाला. "पोरगं लई चांगलं खेळलं. त्यानं गोल केला न्हाई तर मी अडवून काय करू?" तो उठला, गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "एकेचाळीस? मला वाटलं पंधरा-वीस असतील." तेवढ्यावर तो खूश होता, का मला तसं वाटावं म्हणून म्हणाला, माहीत नाही.

आठवड्याभरात भिंतीवरच्या त्या खिळ्याला निहालचा फोटो लागला.

पंधरा दिवसांनी दादू चौगले आमच्या दारात. वेस ओलांडून चुनाभट्टीचा माणूस तोफखान्यात सहसा येत नाही, त्यामुळं समोरच्या गॅलरीत तीन माणसं जमली. त्यांनी पाणी घेतलं आणि विचारलं, "ढाल कुणाला?" मी सांगितलं.

"बाजीरावचा चांगलासा फोटो हाय का तुझ्याकडं, खेळतानाचा?"

मी संगणक उघडला. तीन हंगामांत मी चारशेच्या वर फोटो काढले होते. निहाल उजवीकडून, निहाल डावीकडून, निहाल हवेत. सगळे त्याच टोकाचे. बाजीदाचा एकही नव्हता. मला फार लाज वाटली आणि मी ती त्यांना बोलून दाखवली.

"असू दे," दादूमामा म्हणाले. "आमच्याकडं ढीगभर हाईत. आमच्या प्रत्येक फोटोत हा मधी कडमडलेला असतोय."

जूनमध्ये चुनाभट्टी तालमीचा वर्धापन दिन होता. बाजीदाला बोलावणं आलं, मलाही. आम्ही दोघंच गेलो, आमच्या पेठेत कुणाला न सांगता. त्यांनी त्याला फेटा बांधला, नारळ दिला, आणि मग भिंतीवरच्या एका फोटोवरचं फडकं दादूमामांनी काढलं. फोटोत बाजीदा एक हात उचलून कुणाला तरी काहीतरी सांगतोय. चेंडू लांब आहे, आणि चुनाभट्टीचा आठ नंबर पाठ फिरवून परत निघालाय. खाली रंगानं लिहिलं होतं: बाजीराव इंगवले, तोफखाना. बारा वर्षे आम्हांस अडवले.

बाजीदा बराच वेळ बघत राहिला. मग फेट्याच्या शेमल्यानं त्यानं डोळे पुसले, उघड, सगळ्यांसमोर.

"बाबा असते तर म्हणाले असते," तो मला म्हणाला, "टांगून घ्यायला दुसऱ्याचं घर बरं सापडलं."

याला आता सतरा वर्षं झाली. तो खेळ मी नंतर सोडला. आमच्या तालमीत निहालचा फोटो अजून त्या खिळ्यावर आहे आणि चांगला आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बाजीदाचा बघायचा झाला तर मात्र वेस ओलांडावी लागते. वर्षातून एकदा तरी मी जातो. चुनाभट्टीच्या दारात कोणीतरी नवीन माणूस असतो, तो मला ओळखत नाही आणि विचारतो, "कुणाकडं?"

"बाजीदाकडं," मी सांगतो.

"मग आत या की," तो म्हणतो, आणि भिंतीवरचा दिवा लावतो.